वाचवलेला वेळ आईच्या नावावर जमा व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नोकरदार आयांसाठी वेळ वाचवण्याच्या सूचना अधूनमधून प्रसिद्ध होतात. मी त्यांची कात्रणे काढून ठेवणारी वाचक आहे आणि त्यांतल्या पुष्कळ सूचना माझ्या स्वयंपाकघरात खरोखरच उपयोगी पडल्या आहेत. तरीही त्यांत एक गोष्ट नेहमी राहून जाते असे मला अनुभवाअंती वाटू लागले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. वेळ कसा वाचवावा हे आपण छापता, पण वाचवलेला वेळ पुढे कोणाच्या वाट्याला जातो, याबद्दल त्या लेखांत काहीच नसते.

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयाच्या लेखा विभागात काम करते. घरी यजमान, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी आहे. काही वर्षांपूर्वी मी सकाळची कामे नेटाने आखून घेतली. रात्रीच कणीक भिजवून फ्रिजमध्ये ठेवायची, वाटण रविवारी करून ठेवायचे, कुकरमध्ये वरण, भात आणि भाजीचे बटाटे एकाच वेळी लावायचे, मुलांचे गणवेश आदल्या रात्री काढून ठेवायचे, असे करत करत सकाळची जवळजवळ चाळीस मिनिटे मोकळी झाली. पण ती मोकळी राहिली नाहीत. आठवडाभरात त्यांत मुलासाठी दुसरा डबा आला, महिनाभरात सासूबाईंसाठी वेगळी पेज आली आणि पुढे यजमानांना गरम नाश्ता लागू लागला. यांपैकी कोणीही माझ्याकडे हट्ट धरला नव्हता, हे मुद्दाम सांगते. वेळ मोकळा दिसला की त्यात काम भरायचे, ही सवय माझीच होती. मी मात्र चहाबरोबर दोन बिस्किटे खाऊन सव्वासातची गाडी पकडत राहिले. दोन वर्षांनी जिने चढताना धाप लागू लागली म्हणून रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ निघाले. आमच्या डॉक्टर बाईंनी अहवाल पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्ही बसून जेवता कधी?" मला उत्तर देता आले नाही.

हे केवळ माझे गाऱ्हाणे असते तर मी आपल्या पत्राची जागा अडवली नसती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत, घरातल्या माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. हिशेब ठेवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे माझी नजर दोहोंमधल्या अंतराकडे गेली. पूर्वी ते २०२ मिनिटांचे होते, आता २०१ मिनिटांचे आहे. म्हणजे या पाच वर्षांत बायकांनी आपली दहा मिनिटे वाचवली, पण घरातल्या कामाची वाटणी होती तिथेच राहिली. शिवाय ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये असे घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरातल्या ८१ होत्या आणि पुरुष २६ होते. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. हे दोन्ही आकडे एकाच स्वयंपाकघरात भेटतात, असे मला वाटते.

त्यानंतर मी जे बदल केले, त्यांत कामे भराभर उरकण्यापेक्षा कामे कमी करण्यावर आणि वाटून देण्यावर भर दिला. भराभर काम केल्याने वाचलेला वेळ पुन्हा आपल्याच अंगावर येतो. जे काम आपल्या यादीतून निघून दुसऱ्याच्या यादीत गेले, त्याचा वेळ मात्र पुन्हा आपल्या अंगावर येत नाही. आमच्याकडे आता डबा ज्याचा त्याने भरायचा आहे. पोळ्या आणि भाजी तयार असते, पण डब्यात घालणे, झाकण नीट लागले की नाही ते पाहणे आणि संध्याकाळी तोच डबा विसळून ठेवणे हे काम मुले करतात. कुकर लावणे यजमानांकडे गेले. पहिले पंधरा दिवस भात कधी फडफडीत तर कधी गिचका झाला. मी बाजूला उभी राहून सूचना देण्याचा मोह आवरला, आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत कठीण गेले ते हेच. शनिवारी रात्री मटकी नाहीतर मूग भिजत घालणे आणि दुसऱ्या दिवशी उपसून मोड आणायला बांधून ठेवणे हे मुलाचे काम झाले आहे. कडधान्याला मोड आणल्याने त्यातले लोह शरीराला अधिक मिळते, हे त्याला कळल्यापासून तो ते विसरत नाही.

पोळीभाजी केंद्राबद्दलही लिहिले पाहिजे. डोंबिवलीत स्टेशनबाहेर पडले की घडीच्या पोळ्या मिळतात, निवडलेली आणि चिरलेली भाजी मिळते, आणि ती केंद्रे चालवणाऱ्या बायकांचे संसार त्यावर उभे आहेत. तरी विकतच्या पोळ्या पिशवीत ठेवताना कोणी ओळखीचे पाहत तर नाही ना, असे मला कित्येक वर्षे वाटत असे. हा अपराधीपणा आपल्यात कोणी रुजवला ते मी शोधत बसत नाही, पण आपल्या पुरवणीतल्या लेखांतही विकतचे अन्न म्हणजे नाइलाज असाच सूर असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही पोळ्या विकत आणतो. सासूबाईंना सुरुवातीला ते रुचले नाही, मात्र त्या संध्याकाळी सून आपल्याजवळ अर्धा तास बसते हे पाहिल्यावर "आज पोळ्या आणायच्या ना?" असे त्याच विचारू लागल्या.

माझी सर्वांत मोठी चूक जेवणाची होती. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर मी बसायचे, तोवर भाजी संपत आलेली असायची आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोच पोटात जायचा. आता भांडी मध्ये ठेवून सगळे एकत्र बसतात आणि ज्याला जे लागेल ते तो वाढून घेतो. डॉक्टर बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्याहून उपयोगी पडले ते त्यांचे एक साधे सांगणे. जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही, त्यामुळे मध्ये निदान तासाभराचे अंतर हवे आणि ताटात लिंबाची फोड हवी. पहाटेच्या चहाबरोबर गोळी घेणाऱ्या माझ्यासारख्या किती जणी असतील, या विचाराने आजही वाईट वाटते. आपल्या परंपरेत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती होती, अळिवाचे लाडू होते, डिंक होता, तिच्यासाठी वेगळे रांधले जात होते. आईच्या शरीराकडे लक्ष द्यावे लागते हे आपल्या आज्या पणज्या जाणत होत्या. तो सव्वा महिना सरला की पुढची पंचवीस वर्षे तिच्या ताटाकडे कोणी पाहत नाही, हे मात्र बदलायला हवे. तिशीनंतर गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी करून घ्यावी, असे सरकारी आरोग्य कार्यक्रमच सांगतो, पण मुलांच्या लसींच्या तारखा तोंडपाठ असलेल्या आम्ही स्वतःची एक तारीख घेत नाही. मीही ती पहिल्यांदा घेतली तेव्हा बेचाळीस वर्षांची होते.

राहता राहिला गाडीतला वेळ. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष लोकल सुरू झाली, ती बायकांचा प्रवास सुसह्य व्हावा म्हणून. बायकांच्या डब्याला पुढे आम्ही स्वयंपाकघर करून टाकले. संध्याकाळी मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडणे, मटार सोलणे, गवार मोडणे हे मीही वर्षानुवर्षे केले. त्यात मैत्रिणींच्या गप्पा होत्या आणि त्या गप्पांनी मला कठीण दिवसांत तारले, त्यामुळे त्या डब्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण बसायला जागा मिळालेला तो तासाभराचा प्रवास हीच माझ्या दिवसातली एकमेव सलग विश्रांती होती आणि मी तीही भाजीला देऊन टाकली होती. आता परतताना मी डोळे मिटून बसते किंवा वाचते. भाजी घरी सगळे मिळून निवडतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिले जातात, गॅसची तारीख लिहिली जाते, मुलांच्या परीक्षा लिहिल्या जातात. गेल्या वर्षापासून मंगळवार आणि शुक्रवारच्या चौकटीत मी "आई : फिरायला" असे लिहिते. ते लिहिलेले असल्यामुळे त्या वेळी कोणी दुसरे काम सांगत नाही. जे फक्त मनात ठरवले होते, ते कधीच टिकले नव्हते. पुढच्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन ११.८ आले. प्रौढ स्त्रीसाठी ते १२ तरी असावे लागते, त्यामुळे अजून थोडे बाकी आहे.

आपल्याला एवढीच विनंती आहे की, या विषयावर पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा तिच्यावर "आयांसाठी" असे न लिहिता "घरातील सर्वांसाठी" असे लिहावे, आणि प्रत्येक सूचनेपुढे ते काम आईशिवाय घरातले आणखी कोण करू शकेल, हेही छापावे. आमच्या घरी पुरवणी सर्वांत आधी यजमानांच्या हातात पडते.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)