शेवभाजी, हायवे आणि रावेतचा फ्लॅट

जळगाव

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही पुन्हा पुण्याकडच्या त्या रावेतच्या फ्लॅटचा विषय काढलात. धाकट्याच्याच सोसायटीत आहे, बदली मागून घे, पोरांच्या शाळेची सोय होईल. मी नुसतं ‘बघतो’ म्हणालो, कारण इकडे मिक्सर चालू होता आणि तुम्हाला धड ऐकू येत नव्हतं. आता नीट लिहितो.

मागच्या आठवड्यात पारोळ्याकडे एका शेतात ठिबकचं काम बघायला गेलो होतो. येताना एरंडोलच्या अलीकडे आपल्या हॉटेलवर थांबलो. तेच, जिथं तुमची धुळ्याची गाडी जेवायला थांबायची आणि पगार झाला की तुम्ही आम्हा सगळ्यांना घेऊन जायचात.

आधी तर ओळखूच येईना. आपला सहा नंबरचा हायवे आता ५३ झालाय, चौपदरी झालाय, आणि त्या रुंदीकरणात कडेचे निंब गेले. हॉटेल मागे सरकलंय. एसी फॅमिली रूम, पनीरचे डझनभर प्रकार, लहान पोरांना घसरगुंडी. गल्ल्यावर मालकांचा मुलगा होता. त्यानं मला बसायलाही सांगितलं नाही, आधी आपल्या अहिराणीत विचारलं, “बाबा कसा शेतस?” एसटीतून उतरून तुम्हाला इतकी वर्षं झाली, पण तिथं अजून तुमचीच वट आहे.

आई, तुला खरं सांगतो, रस्सा पहिल्यासारखा राहिला नाही. पूर्वी कांदा-खोबरं चुलीवर काळपट होईस्तोवर भाजायचे, त्याचा वास बाहेर खाटेपर्यंत यायचा. आता सगळं गॅसवर, घाईत. तर्री लालभडक दिसते, पण तिखट जिभेवरच राहतं, कानाला काही लागत नाही. शेव मात्र अजून जाड, लसणाची, आणि वेगळ्या वाटीत देतात. नाहीतर तुमच्या चिंचवडला! शेव आधीच रश्श्यात टाकून तिचं पिठलं करून आणतात आणि बाहेर पाटी ‘अस्सल खान्देशी’. कळण्याची भाकरी मागितली तर तीही होती. ज्वारी-उडदाची, तशीच करडी आणि खरबरीत. तिच्यावर मी ताव मारला. बाबा, तुम्ही असता तर भटारखान्यात शिरून मसाला कसा भाजायचा ते सांगूनच बाहेर आला असतात.

हे एवढं सविस्तर लिहितोय ते मुद्दाम. तुम्हाला वाटतं, मी जुन्या आठवणींपायी इथं अडकून पडलोय. आठवणींसाठीच राहायचं तर आता फार काही शिल्लक नाही. झाडं गेली, चव उतरली, आपण भाड्यानं राहत होतो ती चाळही पाडली. मी राहिलोय तो रावेर-यावलच्या केळीसाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की ठिबक किती वेळ चालवायचं, तापलेल्या वाऱ्याला आडोसा म्हणून बागेच्या कडेनं शेवरी कुठं लावायची, हे सांगायला बांधावर उभं राहावं लागतं. पावसाळ्यात केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की खरी परीक्षा. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड उपटून टाका म्हटलं तर कोण ऐकेल? माझं ऐकतात, कारण त्यांनी मला त्याच बांधावर उन्हातान्हात बघितलंय. पुण्याला गेलो तर पगार वाढेल, हे कबूल. पण काम काय, तर हीच केळी एसीत बसून स्क्रीनवर बघायची. ते माझ्याच्यानं होणार नाही.

तुमच्या सुनेलाही विचारलं. तिची नोकरी इथं आहे, पोरं सायकलवर शाळेत जातात, आणि तुम्हाला माहीत आहे, ती ठामपणे ‘नाही’ म्हणाली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. तेव्हा धाकट्याला सांगा, माझ्या नावानं टोकन देऊ नकोस.

तुम्ही परत या, असंही मी म्हणणार नाही. आईला तिकडची हवा मानवलीय, इथला उन्हाळा आता तिला सोसायचा नाही. बाबांना संध्याकाळचा कट्टा मिळालाय, आणि त्यात निम्मे आपल्याच भागातले. तुम्ही तिकडे सुखात आहात, तसाच मी इकडे आहे, एवढंच मनावर घ्या.

मात्र चंपाषष्ठीला याच. चातुर्मासात वांगं खात नाही म्हणून आई तेव्हापासून वाट बघत असेल. बामणोदची वांगी सांगून ठेवलीत. भरितासाठी मळ्यात कपाशीच्या काटक्यांवर भाजू, लाकडी बडगीत ठेचू, कांद्याची पात मी स्वतः चिरीन. महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं काढतो, दोन्ही खालचे बर्थ बघतो. ती दौंडवरून येते, चिंचवडला लागत नाही, म्हणून धाकट्याला पुणे स्टेशनला सोडायला सांगा. बाबा, गुडघ्याचा पट्टा विसरू नका. आणि आई, येताना चितळ्यांची बाकरवडी आणू नकोस, मागच्या वेळची अजून डब्यात आहे. त्यापेक्षा बाबांच्या बीपीच्या गोळ्या जास्तीच्या घे, तुमचा मुक्काम वाढणार आहे.

तुमचा,
मोठा