लाकडी कड्याच्या बॅन्जोची बाजू

महोदय,

पाच तारांच्या बॅन्जोत, म्हणजे गोल घेरावर ढोलकीसारखा पातळ पडदा ताणलेल्या अमेरिकी तंतुवाद्यात, धातूचे कडे, म्हणजे टोन रिंग, नसेल तर ते वाद्य अपुरेच, हे मत सरसकट मांडले जाते, आणि ते मला एकांगी वाटते. लाकडी घेराच्या वरच्या काठावर बसणाऱ्या आणि ताणलेल्या पडद्याला आधार देणाऱ्या या कड्यावर नादाचा पोत बराचसा ठरतो. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारातील तीन बोटांच्या जलद वादनाला पितळ किंवा काशाच्या जड कड्याचा प्रखर, खणखणीत आणि अधिक काळ टिकणारा स्वर हवा असतो, हे मान्यच आहे. परंतु नखाने खालच्या दिशेने आघात करणाऱ्या क्लॉहॅमर शैलीत, किंवा गाण्याला हलकी साथ करताना, मेपल वा अक्रोडासारख्या कठीण लाकडाच्या कड्यातून येणारा उबदार, गोलसर आणि लवकर विरणारा नाद शब्दांवर कुरघोडी करत नाही. शिवाय वजनही बरेच कमी होते.

आफ्रिकेतून अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी घडवलेले मूळ बॅन्जो भोपळ्याचे होते. त्यांत धातूचे कडे नव्हतेच. हाताने लाकडी कडे कातणाऱ्या, पडद्याखाली ते सर्वत्र समपातळीत बसावे म्हणून पुन्हा पुन्हा घासणाऱ्या कारागिरांच्या कामाला दुय्यम लेखणे मला अन्यायाचे वाटते.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक