दुबईच्या कॉन्सुलेटमधल्या मॅडमना, कोल्हापुरातून

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा दुबईतल्या आपल्या भारतीय कॉन्सुलेटला, म्हणजे वकिलातीच्या कचेरीला, फोन केल्यावर कळलं. आता कुठल्या देशात आहात हे विचारायला संकोच वाटला, म्हणून हे पत्र उघडच लिहितो आहे. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोहोचवेल. तुमच्या जागी आलेल्या साहेबांनी मी ‘कोल्हापूरहून बोलतोय’ म्हणताच दाजींचं नाव घेतलं. जाण्याआधी तुम्ही प्रत्येक अर्धवट राहिलेल्या प्रकरणाचं टिपण करून ठेवलं होतं, त्यात दाजींच्या थकलेल्या पगाराचा कागदही होता. हे ऐकल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं.

दाजी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत फिटर होते. हातात कसब होतं, पण दोन पोरींची शिक्षणं आणि घराचं कर्ज, म्हणून दुबईला एका वर्कशॉपमध्ये लागले. एका सकाळी कॅम्पातल्या खोलीत ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक. फोन त्यांच्या खोलीतल्या एका केरळी पोरानं केला. नंतर मी कंपनीला फोन लावत राहिलो. पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस, उचलायचा नाही, उचलला तर ‘बघतो’ म्हणायचा. त्यातच कुणा एजंटाचा फोन आला, एवढे पैसे पाठवा, सगळं आम्ही करतो म्हणून. आम्ही दागिने काढायच्या बेतात होतो.

तेव्हा तुमचा फोन आला. तुम्ही आधी आपलं नाव आणि हुद्दा सांगितलात, मग विचारलंत, ‘बहिणीला कळलंय का? तिच्याजवळ आत्ता कोण आहे?’ कागदांचं त्यानंतर. एजंटाला एक रुपया देऊ नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

परदेशातून पार्थिव आणायचं म्हणजे काय असतं ते तोवर आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आधी पोलिसांचा अहवाल, त्यावर आरोग्य खात्याचा मृत्यू दाखला, कंपनीनं व्हिसा रद्द करायचा, तुम्ही पासपोर्ट रद्द करून ना हरकत पत्र द्यायचं, मग दुबईतल्या सोनापूरला एम्बामिंग, म्हणजे पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया, आणि त्यानंतर विमानाच्या कार्गोत जागा. एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. जेबेल अलीला हिंदू स्मशानभूमी आहे, तिथंही अंत्यसंस्कार होऊ शकतात, हेही तुम्ही सांगितलंत, पण कुठल्याच बाजूनं आग्रह धरला नाहीत. अक्का म्हणाली, घरी आणा. त्या क्षणापासून तुम्ही ‘घरी’ हाच शब्द वापरलात.

आणि रोज फोन केलात. मला सगळ्यात जास्त आठवतात ते काहीच न घडलेल्या दिवसांचे फोन. ‘आज दाखला मिळाला नाही, उद्या सकाळी माणूस पुन्हा जाईल,’ एवढं सांगायला तुम्ही फोन करायचात. शनिवार-रविवारीसुद्धा. त्या फोननंतर अक्का दोन घास खायची. काम होत नसेल तेव्हा तसं सांगणारा माणूस आम्ही कुठल्याच कचेरीत पाहिला नव्हता.

दहाव्याला आमचे थोरले चुलते म्हणाले, ‘राजाराम महाराजांचंही असंच झालं होतं बघ.’ आमच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. जेमतेम विशीतलं वय. तिथं दहनाची रीत नव्हती, सोबतच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि अर्नो नदीच्या काठी, मुन्योने नावाची नदी जिथं तिला मिळते तिथं, अग्नी दिला. त्या जागी आजही महाराजांची छत्री उभी आहे. त्यांच्याबरोबर निदान आपली माणसं होती, परवानगी मागायला कारभारी होते. दाजींबरोबर होता एका खोलीत बंकवर झोपणारा परका पोरगा. त्यांच्या वतीनं पोलिसांकडे, इस्पितळात, कंपनीच्या दारात उभं राहायला तुम्हीच होता, मॅडम. १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलं आहे की परक्या देशाचा नागरिक मरण पावला तर त्याच्या कॉन्सुलेटला विनाविलंब कळवायचं. हे मी नंतर वाचलं. पण ते कळल्यावर कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं, ते तुम्ही केलंत.

पार्थिव मायदेशी पाठवायचा खर्च तिथल्या कायद्यानं मालकाचा. कंपनी डबघाईला आलेली, ती टाळाटाळ करत राहिली. शेवटी तुम्ही भारतीय समुदाय कल्याण निधीतून तो मंजूर करून घेतलात. २००९ साली सुरू झालेल्या या निधीत परदेशातल्या आपल्या माणसांनी पासपोर्टसारख्या कामांसाठी भरलेल्या शुल्कातला थोडा थोडा वाटा जमा होतो, असं तुम्ही समजावलंत तेव्हा मला पंचगंगेची स्मशानभूमी आठवली. आमच्याकडे तिथं अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत, लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, ओळख नसलेल्या माणसाच्या सरणासाठी. अक्काला हे सांगितल्यावर तिचं मन थोडं हलकं झालं. सरकारी मदत घ्यायला ती तयार नव्हती, कुणाकुणाच्या शेणी म्हटल्यावर तयार झाली.

मुंबईला सहार विमानतळाच्या कार्गोतून दाजींना घेतलं आणि ॲम्ब्युलन्सनं रातोरात पुण्यावरून कोल्हापूर गाठलं. घाट उतरतानाही तुमचा मेसेज आला होता, सगळे कागद बरोबर आहेत ना म्हणून.

पुढे एकदा धीर करून मी तुम्हाला विचारलं होतं की हे रोज कसं जमतं. तुम्ही थोडा वेळ बोललात. नोकरीच्या सुरुवातीला एक परदेशी भाषा शिकावी लागते, तुम्ही कैरोत अरबी शिकलात, पण घरच्यांना मृत्यूची बातमी कशी द्यायची हे कुणी शिकवत नाही. सकाळी साक्षांकनाचे कागद, दुपारी लेबर कॅम्पात किंवा तुरुंगात कुणाला भेटायला, संध्याकाळी दिल्लीहून आलेल्या शिष्टमंडळाच्या स्वागताला, आणि मध्ये कुठंतरी आमच्यासारख्यांचे फोन. दर तीन-एक वर्षांनी मुलाची शाळा बदलते. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही दुसऱ्याच देशात होतात आणि वेळेत पोहोचू शकला नाहीत. एवढं बोलून तुम्ही लगेच ग्रॅच्युइटीच्या हिशोबाकडे वळलात. त्यांच्या कायद्यानं पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, हे तुमच्याकडूनच कळलं. वारस दाखला आणि मुखत्यारपत्र कुठून कसं साक्षांकित करायचं, मुंबईतल्या त्यांच्या कॉन्सुलेटपर्यंत, तेही तुम्हीच सांगितलंत.

वडिलांची गोष्ट मी अक्काला सांगितली. तिनं तुमच्या वडिलांचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. दाजींच्या वर्षश्राद्धाला तिनं ‘मॅडमच्या वडिलांसाठी’ म्हणून एक पान वेगळं वाढलं. हे तुम्हाला कळावं अशी तिची इच्छा आहे.

ग्रॅच्युइटीचा हप्ता आला, थोरल्या पोरीची फी भरली. थकलेला पगार यायचा आहे, त्यासाठी नवे साहेब पाठपुरावा करत आहेत.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजच्या एका घरातून मला फोन आला, त्यांचा मुलगा शारजात वारला. तुम्ही सांगितलेला कागदांचा क्रम मी वहीत लिहून ठेवला होता, तो त्यांना पाठवला, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर तक्रार नोंदवून दिली. त्यांनी विचारलं, इंग्रजी येत नाही, कॉन्सुलेटमध्ये बोलायचं कसं? म्हटलं, हिंदीत बोला, आणि आत्ताच फोन लावा.

आपला नम्र,
अक्काचा भाऊ
उचगाव, कोल्हापूर