कपाळ आणि सदरा

प्रिय दिल्या,

उत्तराला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. तब्येती ठीक. आईचे गुडघे होते तसेच.

तू न्हाणीघराची डार्करूम करून छापलेला तुझाच फोटो टेबलावर आहे. कपाळ आणि पांढरा सदरा, दोन्ही एकाच करड्या रंगाचे का? निगेटिव्हला बोल लावू नकोस, पापण्या मोजता येतायत. खुर्चीत झाडू उभा करून फोकस घेतलास, लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलंस, ते झकास जमलंय. (झाडू तुझ्यापेक्षा कमी हलतो, इति बंड्या.)

माझा संशय छापताना लावतोस त्या लाल बल्बवर. रंग फासलेल्या झिरोच्या बल्बातून पांढरा उजेड निसटतो, आणि मल्टिग्रेड (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या) कागदाला निळा-हिरवा दोन्ही बाधतात. म्हणशील, लाल दिव्याखाली कागदावर नाणं ठेवून बघितलं, काही उठलं नाही. कोऱ्या कागदावर उठेलच असं नाही! थोडासा उजेड कागद पचवतो. एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) उजेड आधी पडलेला असला की तोच थोडासा उजेड भारी पडतो, आणि पहिल्यांदा पांढरं मरतं. म्हणून आधी कागदाला एन्लार्जरखाली इतकाच उजेड दे, की डेव्हलप केल्यावर, म्हणजे रसायनात चित्र उमटवल्यावर, फिकट राखाडी यावी. मग वर नाणं, लाल दिव्याखाली ५ मिनिटं, आणि डेव्हलपिंग पूर्ण अंधारात. गोल दिसला की बल्ब भंगारात.

दुसरा संशय जुनाच. प्रिंट काळा पडतोय म्हणून तू डेव्हलपरच्या ट्रेमधून मधेच उचलतोस. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री यावरूनच आपलं वाजलं होतं, आणि मी अजूनही माघार घेणार नाही. डेव्हलपर १:९ (एक भाग डेव्हलपर, नऊ भाग पाणी), २० अंश, आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला पुरतं १ मिनिट. काळा पडला तर एन्लार्जरची वेळ कमी कर. अर्धवट उचललेल्या प्रिंटला खरा काळा येतच नाही. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर जातं, तेव्हा ट्रे परातीत ठेव आणि परातीत बर्फाचं पाणी. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकशील, तुझा भरवसा नाही.

दोन्ही निस्तरलं तरी मळकटच आलं, तर २ नंबरऐवजी ३ चा, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टचा, फिल्टर लाव. टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा उजेड देऊन बघायची कागदाची पट्टी) आडवी नको, कपाळापासून सदऱ्यापर्यंत उभी घे, आणि वाळल्यावर उजेडात बघ.

नवी नोकरी कशी? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार; न्हाणीघर त्यांच्याकडे रात्री दहानंतरच माग.

पुढच्या प्रिंटमागे वेळ, फिल्टर, तापमान लिही. बॉलपेन दाबून नको, समोर उमटतं.

तुझा,
अव्या