कुरणांची पेरणी दोन हप्त्यांत करा

ताडोब्यातील नवेगाव, जामणी ही गावे उठली आणि तिथल्या शेतांची कुरणे झाली. अशा कुरणांत पहिल्या सरीलाच सगळे गवताचे बी टाकले, तर मृगानंतरच्या उघडिपीत कोवळे कोंब करपतात आणि मोकळ्या जागेत तरोट्याचे तण माजते. त्याला चितळ सहसा तोंड लावत नाहीत. आमच्याकडचा शेतकरी दुबार पेरणीच्या धास्तीने थोडे बियाणे हातचे राखतो. वनविभागानेही निम्मे बी आर्द्रा-पुनर्वसूसाठी ठेवावे. मारवेल गवताचे तर बी नकोच. मुळासकट ठोंब लावले तर पावसाचा खंड सोसतात. सोबत पवन्या, शेडा ही गवतेही हवीत (एकाच गवताचा हिरवा गालिचा फोटोत तेवढा शोभतो). आणि पेरणीची तारीख निविदेत आधीच बांधून टाकू नये.

— एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)