मोहिकनांनंतरचा कूपर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ संपवलंस, आता कूपरचं पुढे काय वाचू, असं विचारलं आहेस. जेम्स फेनिमोर कूपरने १८२० ते १८५० या काळात तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. लोक नाव घेतात ते त्यातल्या पाचांचं. उरलेल्यांत शिरताना एक खूणगाठ बांध: माणसं हाताने काम करत असतील तिथे सावकाश वाच, दिवाणखान्यात बसून बोलायला लागली की पानं उलट. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये त्याची जी खिल्ली उडवली तीही जरूर वाच, मजा येईल. पण त्याचा रोख मुख्यतः त्या पाचांतल्या ‘डीअरस्लेयर’ आणि ‘पाथफाइंडर’वर आहे. मी सांगतोय त्या पुस्तकांना ती लागू पडत नाही.

सुरुवात ‘द ओक ओपनिंग्ज’ने (१८४८) कर. स्थळ मिशिगनमधली कॅलमझू नदी, साल १८१२, आणि नायक रानातला मध काढून विकणारा बेन बोडन. पहिल्याच प्रकरणात तो पोळं कसं शोधतो ते बघ. फुलावरची माशी काचेच्या पेल्यात पकडायची, पेला मधाच्या पोळ्याच्या तुकड्यावर उपडा ठेवायचा आणि वरून टोपी झाकायची. अंधार झाला की माशीची धडपड थांबते आणि ती मधाला लागते. मग झाकण काढायचं. पोट भरलेली माशी घिरट्या घेत वर चढते आणि घराकडे सरळ रेघ धरते. एवढ्याने दिशा कळते, अंतर नाही. म्हणून बरंच बाजूला सरकून त्याच पोळ्याची दुसरी माशी सोडायची. दोन रेघा जिथे छेदतात तिथे झाड. माश्या दोन वेगळ्या पोळ्यांच्या निघाल्या तर सगळं गणित फसतं, आणि दोन जागा फार जवळ घेतल्या तर रेघा जवळजवळ समांतर जाऊन छेदबिंदू भलतीकडेच सरकतो. पुढे कथा उपदेशाकडे कलते, तिथे भराभर वाचलंस तरी चालेल.

त्यानंतर ‘सेटन्स्टो’ आणि ‘द चेनबेअरर’, दोन्ही १८४५ची, याच क्रमाने. पहिलीत हडसन नदीवरचा बर्फ फुटतो आणि त्याच वेळी माणसं घसरगाड्यांतून नदीवर असतात. कूपरची उत्तम पानं कुठली असं कुणी विचारलं तर मी ही दाखवीन. दुसरीच्या नावातली ‘चेन’ म्हणजे जमीन मोजणीची साखळी: ६६ फूट, १०० कड्या. आपला गुंठा याच मापातला आहे. अर्धी साखळी म्हणजे ३३ फूट. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मोजणीवरून हद्द, हद्दीवरून खंड आणि खंडावरून भांडण, हे तुला वेगळं समजावून सांगायला नको. तिसरा भाग ‘द रेडस्किन्स’ (१८४६) न्यूयॉर्कमधल्या कुळांच्या खंडविरोधी चळवळीवर आहे. त्यात कूपर उघडउघड जमीनदारांची वकिली करतो. ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या माणसाच्या ते घशाखाली उतरत नाही. तो शेवटी वाच, नाही वाचलास तरी बिघडत नाही.

‘नेड मायर्स’ (१८४३) मात्र सोडू नकोस. ही कादंबरी नाही. १८०६ मध्ये ‘स्टर्लिंग’ या व्यापारी जहाजावर कूपरबरोबर असलेल्या खलाशाने पुढे त्याला सांगितलेली आपली हकीकत आहे. १८१३च्या ऑगस्टमध्ये ओंटारिओ सरोवरावर रात्री अचानक वादळी झोत आला आणि नेड ज्यावर होता ते ‘स्कर्ज’ जहाज कलंडलं. तोफा आणि गोळे घसरून एका अंगाला गेले, त्यामुळे जहाजाला सावरायला वावच उरला नाही. व्यापारी बोटीवर तोफा चढवून केलेलं ते युद्धजहाज, वरचा भार आधीच जास्त. ‘हॅमिल्टन’ही त्याच रात्री बुडालं. १९७०च्या दशकात ही दोन्ही जहाजं सुमारे ९० मीटर खोलीवर सापडली, तोफा अजून जहाजांवरच. नेडचं प्रकरण आणि त्या अवशेषांची छायाचित्रं शेजारी ठेवून बघ.

‘द क्रेटर’ (१८४७) ही ज्वालामुखीच्या उघड्या खडकावर माती बनवण्याची गोष्ट. समुद्रपक्ष्यांची विष्ठा, समुद्री शेवाळ आणि चिखल कालवून वाफे करायचे आणि जहाजावर सापडलेलं बियाणं त्यात टाकायचं. पुढे तिथे वसाहत उभी राहते आणि मग वकील, वर्तमानपत्र आणि वेगवेगळ्या पंथांचे धर्मोपदेशक येऊन पोचतात. शेवट सांगत नाही. ‘द मोनिकिन्स’ (१८३५) या माकडांच्या रूपककथेला मात्र हात लावू नकोस, पहिल्या शंभर पानांतच वाचनाची हौस फिटेल.

जुन्या प्रती घेताना दोन फसगती ठरलेल्या. एक नावांची: इंग्लंडमध्ये यातली बरीच पुस्तकं दुसऱ्याच नावाने निघाली. ‘ओक ओपनिंग्ज’ तिथे ‘द बी-हंटर’, ‘क्रेटर’ झालं ‘मार्क्स रीफ’, ‘रेडस्किन्स’ झालं ‘रेव्हन्सनेस्ट’, ‘विंग-अँड-विंग’ झालं ‘द जॅक ओ’लँटर्न’. नवं समजून तेच पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेशील. दुसरी खंडांची: पहिल्या अमेरिकन आवृत्त्या बहुधा दोन खंडांत, इंग्लिश तीन खंडांत. इंटरनेट आर्काइव्हवरच्या स्कॅनमध्ये अनेकदा एकच खंड असतो आणि गोष्ट मधेच तुटते. उतरवून घेण्याआधी मुखपृष्ठामागचं पान आणि शेवटचं पान पाहा. शेवटी ‘समाप्त’ आहे की ‘पहिला खंड समाप्त’, एवढं तपासलंस की झालं.

‘ओक ओपनिंग्ज’चं पहिलं प्रकरण रविवारी वाच आणि त्या दोन रेघा कागदावर काढून बघ. दुसरी जागा पहिलीपासून किती लांब घेतलीस ते मला कळव.

तुझा,
बाबा