करिअर पुरवणीत केमिस्ट्रीलाही जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या पेपरची करिअर पुरवणी आली, नीट, जेईई, बँकिंग, पोलीस भरती सगळं होतं त्यात, पण बीएस्सी केमिस्ट्री करून पुढं काय याची एक ओळ नव्हती. मी आर्णी तालुक्यात केमिस्ट्री शिकवतो, म्हणून हे जरा जास्तच लागलं.

आमच्याकडच्या पोट्ट्यांना वाटतं केमिस्ट्री म्हणजे एमआयडीसीतली शिफ्ट नाहीतर बीएड. कॅटॅलिसिसवर, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या उत्प्रेरकांवर, कोणी सगळी हयात काम करतं हे त्यांच्या कानावरच येत नाही. आणि उत्प्रेरक तर विदर्भाच्या मातीत आहे! भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गची खाण आहे, तिथलं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीचे सेल बनवायला जातं. त्याच मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर काळी पूड हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकली की टेस्ट ट्यूब फसफसते, हाताला गरम लागते, विझवून टोकाला लाल निखारा उरलेली काडी आत धरली की सुटलेल्या ऑक्सिजननं भक्कन पेटते, आणि सगळं शांत झाल्यावर गाळून, वाळवून वजन करा, पूड होती तेवढीच. पोरं त्या गाळणकागदाकडं बघतच राहतात.

शेतात टाकतो तो युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया लोखंडाच्या उत्प्रेरकावर. 1913 मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला, पण आजही त्याला 400 डिग्रीच्या वर तापमान अन् दीडशे-दोनशे पट हवेचा दाब लागतो, म्हणून कमी उर्जेत हे काम करणारा उत्प्रेरक लोक अजून शोधतायत. अंगदुखीच्या आयबुप्रोफेनचंच बघा, आधी सहा टप्प्यांत बनायचं आणि वापरलेल्या मालातला निम्म्याहून जास्त भाग कचऱ्यात जायचा, उत्प्रेरक वापरून ते तीन टप्प्यांवर आणलं. यालाच शाश्वत रसायनशास्त्र म्हणतात, कचरा झाल्यावर साफ करत बसण्यापेक्षा तो होऊच द्यायचा नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव सांगायचं तर प्रा. गणपती यादव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातले, मुंबईच्या आयसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकले, तिथंच प्राध्यापक झाले, 2009 ते 2019 कुलगुरू होते, 2016 ला पद्मश्री. त्यांचं बरंच काम घन आम्ल उत्प्रेरकांवर. सल्फ्युरिक ॲसिड वापरलं की शेवटी ते चुन्यानं नाहीतर सोड्यानं मारावं लागतं आणि खारं सांडपाणी उरतं, घन उत्प्रेरक मात्र गाळून काढला की पुन्हा वापरता येतो. अशा माणसाबद्दल अर्धं पान आलं असतं तर एखाद्या पोरीनं घरी दाखवलं असतं की बघा बाबा, हेही करता येतं.

घरचे पहिले विचारतात पैशाचं, आणि ते बरोबरच आहे, कापसाच्या भावावर घर चालतं. तेव्हा तेही छापा. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते, मग नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पीएचडी करताना महिन्याला 37 हजार मिळतात, 2023 पासून. वेळ लागतो, पाच-सहा वर्षं सहज जातात, प्राध्यापकाच्या जागाही कमीच निघतात, हे लपवू नका. आणि केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारं नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट (आता विद्यापीठ झालंय) 1942 पासून आपल्याच भागात आहे, आमच्या कितीतरी पालकांना ते नावानंही माहीत नाही.

जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात, ऑगस्टच्या पुरवणीत हे सगळं आलं तर थर्ड इयरच्या पोरांना वेळेवर कळेल.

आपला वाचक,
एक केमिस्ट्री शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ